मे महिन्यानंतरही सुरू राहणारा कॉलेज रेडिओ: पुण्यातल्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

कॉलेजचा रेडिओ बंद पडतो तो बहुतेक वेळा मे महिन्यात. परीक्षा संपतात, टीवायची मुलं सामान आवरतात आणि त्यांच्याबरोबर स्ट्रीमिंगचा पासवर्ड, कपाटाची किल्ली आणि "ती काळी केबल वापरू नका, खरखरते" ही माहितीही निघून जाते. जूनमध्ये नवी मुलं येतात, कुलूप लावलेल्या खोलीच्या दारावरचं पोस्टर वाचतात आणि पुढे निघून जातात.

मी ज्या रेडिओत तीन वर्षं काम केलं, तो असाच एकदा बंद पडलेला होता. आम्ही तो पुन्हा उभा केला तेव्हा आधीच्या मुलांचं एकही रेकॉर्डिंग हाती लागलं नाही. एकुलती एक हार्ड डिस्क एका माजी विद्यार्थ्याच्या घरी होती आणि ती उघडलीच नाही. तिच्यात १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर डोळ्यांनी पाहिलेल्या आजी-आजोबांच्या मुलाखती होत्या. त्यांतले काही जण आता नाहीत. त्या मुलाखती पुन्हा घेता येणार नाहीत.

म्हणून या लेखात माइक आणि सॉफ्टवेअरची माहिती आहेच, पण प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न मी पुन्हा पुन्हा विचारणार आहे: तुम्ही गेल्यावर हे काम कोण करेल?

कुठून ऐकू येणार ते आधी ठरवा

वाटा तीन आहेत. कॅन्टीनमध्ये किंवा कट्ट्यावर स्पीकर लावून मधल्या सुट्टीत कार्यक्रम ऐकवणं ही पहिली. इंटरनेटवरून प्रक्षेपण ही दुसरी. एफएम ही तिसरी.

पुण्यातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर तिसरी वाट असते आणि ते साहजिक आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विद्यावाणी हा रेडिओ १०७.४ मेगाहर्ट्झवर लागतो, एफटीआयआयचा रेडिओ ९०.४ वर. आपल्याकडे हे शक्य झालं त्यामागे मोठा प्रवास आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००२च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना स्वतःचं सामुदायिक रेडिओ (कम्युनिटी रेडिओ) केंद्र चालवायची परवानगी देणारं धोरण आलं. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं अण्णा एफएम १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झालं, ते या धोरणाखालचं देशातलं पहिलं केंद्र. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं.

एफएमसाठी अर्ज संस्था करते, विद्यार्थ्यांचा गट करू शकत नाही. केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर अर्ज होतो. मग वेगवेगळ्या मंत्रालयांची मंजुरी, इरादापत्र, वारंवारितेचं वाटप, सरकारशी करार आणि वायरलेस परवाना, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. साधारणपणे १०० वॉटपर्यंत प्रभावी शक्ती मिळते, अँटेना जमिनीपासून १५ ते ३० मीटर उंचीवर असावा लागतो आणि आवाज ५ ते १० किलोमीटरपर्यंत पोहोचतो. पुण्यात हे अंतर नकाशावर कंपासने वर्तुळ काढून ठरत नाही. एफएमच्या लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे मध्ये वेताळ टेकडी आली की कर्वे रोडवर खणखणीत लागणारं केंद्र पाषाणला खरखरू शकतं.

नियमही आधीच माहीत असू द्या. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार झालेले लागतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. पाणी, वीज, हवामान, वाहतूक, परीक्षा, प्रवेश यांची माहिती मात्र चालते. २०२४च्या सुधारित नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती घेता येतात. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो.

बाजारात छोटे एफएम ट्रान्समीटर स्वस्तात मिळतात आणि दर वर्षी कोणी ना कोणी म्हणतं, "हॉस्टेलपुरता लावून बघू की." लावू नका. परवाना नसताना ट्रान्समीटर चालवणं हा गुन्हा आहे आणि त्यात तुमच्यासोबत कॉलेजही अडकतं.

माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिली दोन वर्षं इंटरनेट आणि कॅन्टीनचा स्पीकर. एफएमला रोज, सुट्टीतसुद्धा, काही तास कार्यक्रम द्यावे लागतात. आठवड्याला तीन अर्धे तास ज्यांना नेमाने जमतात, त्यांनीच पुढे अर्जाची गोष्ट काढावी. तोवर दोन वर्षांचं नीट जपलेलं काम संस्थेला दाखवायला हाताशी असतं.

प्राचार्यांकडे जाताना

फक्त "आम्हाला रेडिओ सुरू करायचा आहे" एवढ्याने काम होत नाही. तीन भागांचे नमुने तयार करून घेऊन जा. मोबाइलवर केलेले चालतील. एका पानाचा अर्ज लिहा: कोणत्या वारी, किती वाजता, किती वेळ, कोणती खोली, कोण प्राध्यापक जबाबदार, कार्यक्रम प्रसारित होण्याआधी कोण ऐकणार, खर्च किती आणि कशातून.

हा शेवटून दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कार्यक्रम आधी कोण ऐकणार, हे लिहून दिलं की संस्थेची निम्मी काळजी मिटते. पण तिथेच तुमची बाजूही लिहून घ्या: आक्षेप असेल तर दोन दिवसांत आणि लेखी कळवावा, नाहीतर कार्यक्रम ठरल्या वेळी लागेल. आमच्याकडे हे तोंडी ठरलं होतं. वसतिगृहातल्या पाण्यावरचा एक कार्यक्रम "बघू, सांगतो" म्हणत तीन आठवडे अडकून राहिला, आणि तो लागला तेव्हा टाकीची दुरुस्ती होऊनही गेली होती. कार्यक्रम बनवणाऱ्या दोन मुली त्यानंतर रेडिओत आल्या नाहीत.

पैशासाठी कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागाकडे विचारा, माजी विद्यार्थी संघाकडे विचारा. रोख पैसे कोणाच्या खिशात राहू देऊ नका. खरेदी कॉलेजच्या नावावर, बिल फाइलला, वस्तू साठा नोंदवहीत. हे कंटाळवाणं वाटतं, पण नोंदवहीत चढलेला माइक कोणी सहज घरी नेत नाही.

खोली

आवाज चांगला येण्यात माइकपेक्षा खोलीचा वाटा मोठा आहे. हे पटायला आम्हाला एक वर्ष लागलं.

मिळेल त्या खोलीत मधोमध उभे राहा आणि एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर "टण्ण" असा शेपटा ऐकू आला तर तिथला आवाज रेकॉर्डिंगमध्ये बाथरूममधून बोलल्यासारखा येणार. कोऱ्या भिंती, फरशी, काचेची खिडकी, पत्र्याचं कपाट यांवर आपटून आवाज परत येतो आणि माइक त्यालाही तितक्याच निष्ठेने पकडतो. यावर उपाय म्हणजे मऊ आणि जाड वस्तू. महागडा फोम नंतर आणा. आधी घरोघरच्या जुन्या गोधड्या गोळा करा. आम्ही अकरा गोधड्या जमवल्या, त्यातल्या चार एकाच मैत्रिणीच्या आजीने जालन्याहून पाठवल्या होत्या. बोलणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर दोन, समोर एक, टेबलावर एक दुमडून, खिडकीवर दोन. गोधडी भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं जागा सोडून दोरीवर टांगा. ती जास्त आवाज शोषते. जमिनीवर सतरंजी. पुन्हा टाळी वाजवा. शेपटा गेलेला असेल.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका. त्यांनी आवाज फारसा अडत नाही, आणि कागदी ट्रे पटकन पेट घेतात.

आता बाहेरच्या आवाजाकडे वळू. पंखा बंद. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत असेल तर तिच्या जागी एलईडी लावून घ्या. खोलीवर पत्रा असेल तर जून ते सप्टेंबर दुपारी रेकॉर्डिंगचा भरवसा धरू नका. आणि पुण्यातली मोठी अडचण म्हणजे ढोलपथकांचा सराव. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीपात्राजवळच्या कुठल्याही कॉलेजात संध्याकाळी ताशाचा आवाज येतोच. त्याच्याशी झगडू नका. त्या दिवसांत सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ मागून घ्या. पथकातल्याच मुलामुलींना बोलवा, त्यांच्या हाताला आलेले फोड आणि कमरेला बांधलेला पट्टा यांविषयी बोलतं करा, म्हणजे तो गोंगाटच तुमचा कार्यक्रम होईल.

यंत्रं

सुरुवातीला एक डायनॅमिक माइक, एक दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी), कान पूर्ण झाकणारे दोन हेडफोन, एक स्टँड आणि कॉलेजचा जुना संगणक, एवढं पुरतं. कंडेन्सर माइक घेऊ नका, तो दुकानात कितीही सुंदर वाटला तरी. तो नाजूक आवाजही पकडतो, म्हणजे रस्त्यावरची पीएमपीची बस आणि शेजारच्या वर्गातलं लेक्चरसुद्धा. डायनॅमिक माइकला तोंडाजवळ धरावं लागतं, वीतभर अंतराच्या आत, पण तो लांबचं फारसं ऐकत नाही.

केबल, जॅक, कन्व्हर्टर यांसाठी तपकीर गल्लीत एकदा सगळ्यांनी मिळून जा. प्रत्येक केबल दोन घ्या. कार्यक्रम सुरू असताना तुटते ती नेहमी केबल असते, आणि त्या क्षणी दुकान उघडं असलं तरी उपयोग नसतो. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावा आणि त्याच रंगाची पट्टी इंटरफेसच्या त्या छिद्राजवळ लावा. नव्या मुलाला कोणी न सांगता जोडणी जमली पाहिजे.

बाहेरच्या मुलाखतींना मोबाइल चालतो. फक्त तो विमान मोडवर टाका, शर्टाला लावायचा छोटा वायरवाला माइक जोडा, आणि वारा असेल तर माइकवर स्पंजचं टोपण असू द्या.

माणसं

सगळ्यांना निवेदक व्हायचं असतं. पहिल्या सभेला चाळीस जण येतात, त्यातले पस्तीस "मला अँकरिंग करायचंय" म्हणतात. त्यांना परत पाठवू नका, पण एक नियम ठेवा: पहिले दोन महिने प्रत्येक जण चारही कामं करेल. मजकूर लिहिणं, रेकॉर्डिंग, संपादन आणि वेळापत्रक सांभाळणं. दोन महिन्यांत बारा-पंधरा जण उरतात. तेवढे पुरे असतात.

मग जोड्या लावा. प्रत्येक कामाला दोन माणसं, आणि त्यातलं एक एफवायचं असलंच पाहिजे. टीवायची मुलगी संपादन करत असेल तर एफवायचा मुलगा शेजारी बसेल आणि ऑक्टोबरनंतर माऊस त्याच्या हातात असेल. या एका नियमावर मी तडजोड करणार नाही. टीवायची गुणवान मुलगी एकटीने सगळं करते तेव्हा कार्यक्रम सुरेख होतो आणि पुढच्या वर्षी रेडिओ बंद पडतो.

वेळापत्रक

आठवड्याला तीन दिवस, अर्धा तास. एवढंच. आमच्या अनुभवात अर्ध्या तासाच्या नीट केलेल्या कार्यक्रमामागे सहा ते सात तासांचं काम असतं. प्रॅक्टिकल, सबमिशन आणि ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी सांभाळून मुलांना यापेक्षा जास्त पेलत नाही. पहिल्या आठवड्यात रोज दोन तास लावणारे रेडिओ मी पाहिले आहेत; दिवाळीनंतर ते ऐकू आले नाहीत.

अर्ध्या तासाची घडी अशी बसवता येते. पहिलं मिनिट स्वागताचं. पुढची चार मिनिटं कॅम्पसच्या माहितीची: फॉर्मच्या तारखा, लायब्ररीच्या वेळा, गुरुवारी पाणी नाही ते. मग एखादी कविता किंवा कॉलेजच्याच मुलाने म्हटलेलं गाणं. नवव्या मिनिटाला मुख्य भाग, बारा मिनिटांचा. एकविसाव्या मिनिटापासून ऐकणाऱ्यांचे व्हॉइस मेसेज. शेवटी आणखी एक गाणं आणि पुढच्या भागात काय, ते. घडी पक्की असली की एखादा पाहुणा ऐनवेळी आला नाही तरी बाराच मिनिटं भरायची असतात, अख्खा अर्धा तास नाही.

म्हणूनच "कधीही लावा" अशा पाच फाइली कायम तयार ठेवा. परीक्षेच्या पंधरवड्यात त्याच तारून नेतात.

कानासाठी लिहिणं

वाचण्यासाठी लिहिलेलं वाक्य आणि ऐकण्यासाठी लिहिलेलं वाक्य यांत फरक असतो. नोटीस बोर्डावर असतं: "परीक्षा कालावधीत ग्रंथालयाच्या वेळेत वाढ करण्यात आली असून विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी." हेच रेडिओवर असं म्हणा: "लायब्ररी आता रात्री दहापर्यंत उघडी राहणार आहे. सोमवारपासून, परीक्षा संपेपर्यंत. आय-कार्ड सोबत ठेवा, आठनंतर त्याशिवाय आत सोडत नाहीत." ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट, आकडे शक्य तितके कमी, आणि महत्त्वाची वेळ किंवा तारीख दोनदा.

सहज वेगात मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. चार मिनिटांचा मजकूर म्हणजे साडेचारशे शब्द. लिहिल्यावर तो मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते किंवा श्वास संपतो, तिथे वाक्य तोडा.

भाषेबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पुण्याच्या कॉलेजात लातूरची, जळगावची, अकोल्याची, सिंधुदुर्गाची मुलं असतात. माइकसमोर आल्यावर ती आपली बोली गिळतात आणि "प्रमाण" बोलायला जातात. आवाज लगेच लाकडासारखा होतो. असं होऊ देऊ नका. सूचना प्रमाण मराठीत असू देत, पण गप्पा, आठवणी, स्वयंपाक, शेती, गावाकडचे सण हे वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत होऊ द्या. आमच्याकडे धुळ्याच्या एका मुलाने कळण्याच्या भाकरीवर अहिराणीत सहा मिनिटं बोललेलं, तो भाग त्या वर्षी सगळ्यात जास्त जणांनी मागून घेतला. घरी पाठवायचा होता त्यांना.

मुलाखत

सदाशिव पेठेत मेस चालवणाऱ्या एका मावशींकडे आम्ही गेलो होतो. स्पर्धा परीक्षा देणारी दीडशे मुलं त्यांच्याकडे जेवायची. आम्ही विचारलं, "मेस कधी सुरू केली?" "झाली बारा वर्षं." "अडचणी आल्या का?" "आल्या की." "मुलांबद्दल काय वाटतं?" "चांगली आहेत." दहा मिनिटांत आमची प्रश्नांची यादी संपली आणि हातात काहीही नव्हतं.

मग माझ्या मैत्रिणीने सहज विचारलं, "मावशी, सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?" त्या म्हणाल्या, "पहिलं पाणी आलंय का बघते. मग कणीक." आणि बोलता बोलता त्यांनी परात पुढे ओढली. माइक सुरूच होता. कणकेवर पडणारे मुठीचे धपाधप आवाज, मध्ये बांगड्या, आणि त्या लयीत त्या सांगत गेल्या: निकालाच्या दिवशी कोण जेवायला येत नाही ते त्यांना पानावरून कळतं, आणि त्या अशा मुलाचा डबा झाकून ठेवतात. संपादन करताना आम्ही आमचे पहिले सगळे प्रश्न काढून टाकले. कार्यक्रमाची सुरुवात आठ सेकंदांच्या त्या कणकेच्या आवाजाने केली.

यातून घेण्यासारखं एवढं: "हो", "नाही" किंवा एका आकड्यात उत्तर संपेल असा प्रश्न टाळा. काल काय झालं, पहिलं काय करता, शेवटचं कधी असं झालं, असे प्रश्न विचारा. माणसाला त्याच्या कामाच्या जागी गाठा. उत्तर संपल्यावर मनात तीन मोजा. खरं बोलणं पुष्कळदा त्या शांततेनंतर येतं. निघण्याआधी त्या जागेचा निव्वळ आवाज, कोणीही न बोलता, एक मिनिट रेकॉर्ड करा. संपादनात दोन वाक्यं जोडताना मधली फट त्यानेच भरते.

संमतीशिवाय रेकॉर्ड करू नका, आणि ती संमती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्यांच्याच आवाजात घ्या: नाव, तारीख, "हे तुम्ही ऐकवू शकता". नंतर कोणी "तेवढं वाक्य काढा" म्हणालं तर काढा. मैत्रीण, घर, जात, आजार यांविषयी कोणी बोलून गेलं असेल तर त्यांनी न सांगताही पुन्हा विचारा.

रेकॉर्डिंग आणि संपादन

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. बोलणं मोनोमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. पातळी अशी ठेवा की नेहमीचं बोलणं उणे १८ ते उणे १२ डेसिबलमध्ये राहील आणि हसण्याचा मोठा आवाजही उणे ६च्या वर जाणार नाही. हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, पण शून्य डेसिबल या कमाल पातळीला आपटून फाटलेला आवाज कोणालाच शिवता येत नाही.

प, फ, भ म्हणताना माइकवर हवेचा फटका बसतो. माइक तोंडासमोर सरळ न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका ठेवा. बहुतेक त्रास तिथेच संपतो.

संपादनात आधी नको तो भाग कापा, मग आवाज साफ करा. उलट क्रमाने वेळ वाया जातो. मागचा गोंगाट (नॉइज) कमी करणारा फिल्टर जपून वापरा. जास्त झाला की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. सगळे "अं" आणि "म्हणजे" काढू नका, श्वास तर मुळीच काढू नका. शेवटी पूर्ण कार्यक्रमाची तीव्रता एकसारखी करा. मोनोला उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या तीव्रतेचं एकक) ठीक बसतं. आणि कार्यक्रम एकदा स्वस्त इयरफोनवर ऐका, कारण ऐकणाऱ्यांकडे तोच असतो.

फाइलचं नाव तारखेपासून सुरू करा, वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, मग विषय. "फायनल", "फायनल २", "एकदम फायनल" अशी नावं दिसली की तिथल्या तिथे बदला. मूळ रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक कॉलेजच्या कपाटातल्या डिस्कवर, एक कॉलेजच्या खात्यावरच्या क्लाउडवर. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर नाही. ती पानशेतची डिस्क मला अजून आठवते.

गाणी

"तीस सेकंदांपर्यंत चालतं" हे तुम्हाला दहा जण सांगतील. असा कुठलाही नियम कायद्यात नाही.

एका गाण्यात निदान तीन हक्क असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. शब्द आणि चालीचा हक्क त्या कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. त्यामुळे रेकॉर्ड जुनी झाली तरी गाणं मोकळं झालेलं असेलच असं नाही. अभंगांचं उदाहरण घ्या. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण रेडिओवर गाजलेली त्या अभंगाची चाल एखाद्या संगीतकाराची असते आणि रेकॉर्डिंग कंपनीचं. हॉस्टेलमधल्या मुलाने तोच अभंग गावाकडच्या दिंडीतल्या पारंपरिक चालीवर म्हटला, तर तो बिनधास्त लावा.

रेडिओ केंद्रांना ठरावीक मानधन भरून गाणी लावता यावीत म्हणून २०१२च्या दुरुस्तीने कलम ३१-डी आलं. पण इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला ही सोय लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका खटल्यात सांगितलं. तेव्हा इंटरनेट रेडिओवर सिनेमाची गाणी लावायची असतील तर हक्कदारांकडून रीतसर परवाना घ्यावा लागेल. सुरुवातीच्या वर्षांत त्या वाटेला जाऊच नका, असं मी म्हणेन. कॉलेजात गाणारी, तबला, बासरी, गिटार वाजवणारी मुलं असतात. त्यांची स्वतःची गाणी, जात्यावरच्या ओव्या, भारुडं, गोंधळ रेकॉर्ड करा आणि एका ओळीची लेखी परवानगी घ्या. आमच्या रेडिओची ओळख त्यातूनच झाली.

प्रक्षेपण

रचना साधी आहे. स्टुडिओतल्या संगणकावरून आवाजाचा एकच प्रवाह (स्ट्रीम) भाड्याच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून तो ऐकणाऱ्यांना वाटला जातो. सर्व्हरवर आइसकास्ट हे मोफत सॉफ्टवेअर, आणि वेळापत्रक, फाइली, वेगवेगळ्या जणांची खाती हे सगळं एका ठिकाणी हवं असेल तर अझुराकास्ट. बोलण्यासाठी ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिट) प्रवाह पुरेसा. तेवढ्यात ऐकणाऱ्याचा तासाला साधारण २९ एमबी डेटा जातो, आणि १०० जण एकाच वेळी ऐकत असतील तर सर्व्हरला सेकंदाला ६.४ मेगाबिट लागतात. स्टुडिओचा संगणक वायफायवर ठेवू नका, लॅन केबल मागून घ्या.

पहिले तीन महिने थेट (लाइव्ह) जाऊ नका. तयार कार्यक्रम ठरल्या वेळी आपोआप लागू द्या. हात बसला की थेट. त्या दिवशी अर्धा तास आधी या, पाणी ठेवा, मोबाइल बाहेर. स्वतःचा प्रवाह हेडफोनवर ऐकत बोलू नका. तो काही सेकंद मागे असतो आणि जीभ अडखळते. इंटरनेट गेलं तर काय लागेल, ते सर्व्हरवर आधीच ठरवून ठेवा: दहा मिनिटांची एक तयार फाइल, जिच्या सुरुवातीला कोणीतरी शांतपणे सांगतंय की आम्ही थोड्या वेळात परत येतोय.

चुकीची माहिती गेली तर पुढच्या भागाच्या पहिल्या मिनिटात दुरुस्ती करा. शेवटी नाही. परीक्षा फॉर्मची तारीख आमच्याकडून एकदा एक दिवस पुढची सांगितली गेली होती. आम्ही त्याच संध्याकाळी वेगळा दोन मिनिटांचा भाग लावला आणि कॅन्टीनच्या फळ्यावर खडूने तारीख लिहून आलो.

मार्चमधली वही

सोपवणं मार्चमध्ये सुरू करा, मेमध्ये नाही. मार्चचे सगळे कार्यक्रम एफवाय आणि एसवायची मुलं करतील आणि टीवायची मुलं खोलीच्या बाहेर बसतील. आत गडबड झाली तरी उठायचं नाही. हे बाहेर बसणं फार अवघड असतं, पण बसा.

सर्व्हर, डोमेन, ईमेल, क्लाउड ही सगळी खाती रेडिओच्या नावाच्या एका ईमेलवर हवीत आणि त्या ईमेलचा पासवर्ड बंद पाकिटात जबाबदार प्राध्यापकांकडे. भाडं कधी भरायचं ती तारीख पाकिटावर लिहा. सर्व्हरचं भाडं सुट्टीतच संपतं.

आणि एक वही. दोनशे पानी, कापडी पुठ्ठ्याची, खोलीतून बाहेर न जाणारी. प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर जो शेवटी दिवा बंद करेल त्याने चार ओळी लिहायच्या: काय केलं, काय बिघडलं, कसं सुरू केलं, पुढच्याने काय लक्षात ठेवायचं. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर कपाटाची दुसरी किल्ली कोणत्या शिपाईकाकांकडे असते ते लिहिलंय. मधल्या एका पानावर, पत्र्यावर पाऊस सुरू झाला की गोधडी कुठे सरकवायची त्याची आकृती आहे. शेवटची नोंद मी या वर्षी गेले तेव्हा वाचली. अक्षर माझ्या ओळखीचं नव्हतं: "काळी केबल फेकली. नवी आणली, निळी पट्टी लावली आहे."